अपेंडिक्स म्हणून सांगितलेलं माझं दुखणं

हे लिहायला बसले ते आमच्या निवाऱ्यात नुकत्याच आलेल्या एका मुलीमुळे. बेघर बायकांसाठीचा हा निवारा बसवनगुडीत आहे आणि मी इथे काही वर्षं राहते. ती मुलगी बेळगावकडची, वीस-एकवीस वर्षांची. ओटीपोट धरून भिंतीशी बसायची आणि कुणी विचारलं की "काही नाही, वात आहे" म्हणायची. ती मराठी बोलते हे कळल्यावर वॉर्डन अक्कांनी मला तिच्याकडे पाठवलं. मी तिला माझ्या पोटावरचा व्रण दाखवला आणि माझं सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर दवाखान्यात आली, आणि वेळेत आली. म्हणून वाटलं, लिहून ठेवावं.

माझी शाळा कन्नड. मराठी अक्षरं हिंदीच्या तासाला शिकले तेवढीच. पण आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठीच बोलतात. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आनेकलचं घर

माझं नाव भारती. आनेकलला आमची पिठाची गिरणी आहे. वडील, म्हणजे अप्पा, गिरणी चालवतात. नाचणीचा हंगाम असला की आईही तिथे बसते, पोती उचलते, पीठ चाळते. मी थोरली, आणि माझ्यानंतर सुमा.

मला पहिल्यांदा पाळी आली तेव्हा आईने मला मागच्या अंगणात धुण्याच्या दगडाजवळ नेलं. जुन्या लुगड्याच्या घड्या हातात दिल्या. म्हणाली, "आता मोठी झालीस. कुणा पुरुषाला अंगाला शिवू देऊ नकोस. शिवला की पोट येतं." मग त्या घड्या परकराखाली कशा वाळत घालायच्या, कुणाच्या नजरेला पडू नयेत म्हणून काय करायचं, ते दाखवलं. झालं. माझ्या शरीराबद्दल आई माझ्याशी एवढंच बोलली.

शाळेत तो धडा आला तेव्हा बाई म्हणाल्या, घरी वाचा. घरी समोर अप्पा बसलेले असायचे. पुस्तकाची ती पानं मी कधी उघडलीच नाहीत.

कमरेखालच्या सगळ्याला आमच्या घरात एकच शब्द होता: तिकडे. तिकडे दुखतंय, तिकडे खाजतंय. तेवढं म्हटलं तरी आई डोळे वटारायची. बाकीची नावं मी पुढे रस्त्यावर शिकले. तीही शिव्या म्हणून.

घराबाहेर

पीयूसी, म्हणजे बारावी, झाल्यावर मी जवळच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागले. तिथे किरण नावाचा मुलगा टेम्पो चालवायचा. मी एकोणीस वर्षांची, तो माझ्याहून थोडा मोठा. त्याने एकदा टेम्पोच्या आडोशाला माझं चुंबन घेतलं. बस, तेवढंच. त्यापलीकडे आमच्यात काही झालेलं नव्हतं.

त्या महिन्यात माझी पाळी लांबली. आठ-आठ तास उभं राहायचं, दुपारचा डबा कधी खायचा, कधी नाही. पाळी त्यानेही लांबते हे आज मला माहीत आहे. तेव्हा मला एकच गोष्ट माहीत होती. शिवला की पोट येतं. आणि किरण मला शिवला होता.

परकराखाली घड्या वाळत नाहीत हे आईच्या लक्षात आलं. तिने मला विचारलं नाही. ती सरळ गिरणीत गेली आणि अप्पांना सांगून आली. गिऱ्हाइकं रांगेत उभी असताना गिरणी बंद झाली. अप्पा घरात आले तेव्हा त्यांच्या भुवयांवर पीठ होतं.

"तुला कुणी शिवलं का?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणून मान हलवली. खोटं कसं बोलू? मला खरंच वाटत होतं की माझ्या पोटात मूल आहे.

अप्पांनी मारलं. आई मध्ये पडली नाही. ती आतल्या खोलीत माझे कपडे पिशवीत भरत होती, कारण अप्पांनी तिला तसं सांगितलं होतं. सुमा तेव्हा दहावीत होती. ती दाराला धरून रडत होती आणि नेमकं काय झालंय हे तिला कुणी सांगत नव्हतं. संध्याकाळच्या बसने मी किरणकडे के. आर. पुरमला आले.

त्याच आठवड्यात मला पाळी आली. आधी मी आनंदाने रडले. मग घरी फोन लावला. माझा आवाज ऐकताच अप्पांनी फोन ठेवला. पुन्हा लावला, पुन्हा ठेवला. आणि त्यांनी ऐकून घेतलं असतं तरी मी काय सांगणार होते? बापाला पाळीबद्दल काय म्हणून सांगायचं, तेही मला येत नव्हतं.

स्टेशन

किरणची खोली काही महिने टिकली. त्याची नोकरी गेली, भाडं थकलं, मालकाने सामान बाहेर ठेवलं. मग आम्ही स्टेशनजवळ पुलाखाली राहू लागलो.

तोवर आम्ही नवरा-बायकोसारखे राहत होतो. एकदा किरणला लघवीला आग व्हायला लागली. मला वाटलं, उन्हाळे लागले. मी त्याला ताक पाजलं, सब्जाचं पाणी दिलं. तो कुठल्याशा क्लिनिकमध्ये जाऊन सुई टोचून घेऊन आला आणि बरा झाला. काय झालं होतं विचारलं तर म्हणाला, "उष्ण. बिडु." म्हणजे उष्णता होती, सोड आता. डॉक्टरने त्याला सांगितलं असणार की हे बायकोलाही झालेलं असेल, तिलाही घेऊन ये. त्याने मला सांगितलं नाही. पुढे होसूरला काम मिळतंय का बघून येतो म्हणून गेला, तो आलाच नाही.

स्टेशनवर मला शबाना भेटली. ती कोलारकडची, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी. पुलाच्या पायऱ्यांवर काकड्या सोलून विकायची. तिने मला कुठे झोपायचं, कुठे झोपायचं नाही, कुठल्या संडासात आतून कडी लागते, हे सगळं शिकवलं. एकटी मुलगी दिसली की माणसं जमतात, म्हणून कुणातरी एकाच्या आधाराने राहावं लागतं. मीही राहिले. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही. ज्यांच्या वाट्याला ते आलंय त्यांना सांगावं लागत नाही.

पुढे अंगावरून जायला लागलं. वास यायचा. ओटीपोटात दुखायचं, बसताना जास्त. मी रोज सार्वजनिक संडासात साबणाने आतपर्यंत धुवायची, त्याने आग व्हायची, तरी धुवायची. मनात एकच यायचं की आई म्हणत होती तसं झालं, मी शिवू दिलं म्हणून मी सडते आहे.

शबाना म्हणायची, "डॉक्टरकडे चल."

"तिथे दाखवावं लागेल."

"मग दाखव. डॉक्टर बाई असते."

"नको."

मी मेडिकलमधून तापाच्या गोळ्या घेत राहिले. ताप उतरायचा, परत चढायचा. चालताना मी वाकून चालायला लागले.

निदानाचा दिवस

त्या सकाळी मी स्टेशनचा पादचारी पूल चढत होते. अर्ध्या पायऱ्यांवर पोटात काहीतरी फुटल्यासारखं झालं. मला उलटी झाली आणि मी तिथेच बसले. लोक बाजूने जात राहिले. शबानाने काकडीची पाटी कुणाच्यातरी हवाली केली, मला ओढत खाली आणलं आणि रिक्षात घातलं. रिक्षावाल्याने भाडं घेतलं नाही.

सरकारी हॉस्पिटलात तपासायला एक तरुण डॉक्टर बाई आल्या. पोटाला हात लावताच मी ओरडले.

"मदुवे आगिदेया?" त्यांनी विचारलं. लग्न झालंय का?

मी मान हलवली, नाही म्हणून.

त्यांनी हळू आवाजात पुढचा प्रश्न विचारला. पुरुषाबरोबर संबंध आलाय का? मी छताकडे बघत राहिले. परत विचारलं. शबाना पुढे आली. "मॅडम, ती रस्त्यावर राहते. तुम्हीच समजून घ्या."

डॉक्टरांनी शबानाला बाहेर थांबवलं, पडदा ओढला आणि माझ्या डोक्याशी वाकल्या. "मी ओरडणार नाही. तुला विचारल्याशिवाय घरच्यांना सांगणार नाही. पण तू बोलली नाहीस तर मला चुकीचं औषध द्यावं लागेल आणि तू मरशील. बोल."

मी बोलले. कन्नडमध्ये बोलले. मराठीत मला ते बोलताच आलं नसतं असं मला अजून वाटतं.

स्कॅन झालं. गर्भाशयाच्या नळ्यांमध्ये पू झाला होता, त्याची गाठ पोटात फुटली होती. डॉक्टरांनी सांगितलं की हा संबंधातून लागणारा संसर्ग आहे, बरेच महिने आत होता आणि खालून वर चढत गेला. मग त्या माझ्या कपाळावरून हात फिरवत म्हणाल्या, "सुरुवातीला आली असतीस तर गोळ्यांनी बरं झालं असतं, मा."

ते वाक्य मला ऑपरेशनपेक्षा जास्त लागलं. नुसत्या गोळ्या. किरणला तर सुई टोचून मिळाली होती.

"घरचं कोण आहे?"

गिरणीच्या दारावर फोन नंबर रंगवलेला होता, तो मला पाठ होता, तोच मी सांगितला. डॉक्टरांनी फोन लावला तेव्हा पलीकडून गिरणीची घरघर मला पलंगावर ऐकू आली. त्या काय बोलल्या ते मला समजलं नाही, मी गुंगीत होते. दुपारी मला आत नेलं.

वॉर्ड

डोळे उघडले तेव्हा पोटातून एक नळी बाहेर आली होती आणि पलंगाला बांधलेल्या पिशवीत लालसर पाणी गळत होतं. शेजारी स्टुलावर आई बसली होती. दोन वर्षांनी मी तिला बघत होते. केस बरेच पिकले होते. मला वाटलं, आता ती माझा हात धरेल.

आई वाकली आणि कानाशी म्हणाली, "शेजारच्या बाईला मी अपेंडिक्स सांगितलंय. तूही तेच सांग."

शेजारच्या पलंगावर मुनियम्मा होत्या. त्यांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं होतं. त्यांनी माझ्या नळीकडे बघून विचारलं, "अपेंडिक्सला एवढी मोठी नळी?"

"पिकलं होतं," आई म्हणाली. "पोरीने सांगितलंच नाही वेळेवर."

यातलं शेवटचं वाक्य तरी खरं होतं.

वॉर्डातले दिवस एकसारखे असतात. उजाडताना सिस्टर ताप बघायच्या, मग फिनेलचा वास, मग दूध-ब्रेड. राउंडला मोठे डॉक्टर आणि त्यांच्यामागे शिकाऊ मुलं-मुली यायची. ती माझ्या पलंगाभोवती उभी राहून इंग्रजीत माझी हकिकत सांगायची. मला त्यातलं वय तेवढं कळायचं. आई दर वेळी उठून चादर माझ्या गळ्यापर्यंत ओढायची, जणू इंग्रजीतलं बोलणं चादरीने झाकता येतं. अँटिबायोटिकची सुई हातात आग ओतल्यासारखी जायची. ड्रेसिंगच्या वेळी मी तोंडात पदराचा बोळा धरायची. आईच्याच पदराचा. ती पदर द्यायची, पण जखमेकडे बघायची नाही.

आणि रक्ताच्या रिपोर्टची वाट. एचआयव्हीची तपासणी केली होती. त्याबद्दल मला आधी नीट सांगितलं होतं, मी हो म्हटलं होतं, पण रिपोर्ट यायचा होता. ती भीती कशी असते ते सांगता येत नाही. दार उघडलं की मी दाराकडे बघायची. जेवणाच्या ताटातला चमचा हातात घेतला की वाटायचं, हा कुणीतरी नंतर वापरेल. आईने माझा उष्टा ग्लास विसळून त्यात पाणी प्यायलं तेव्हा मी तिच्या हातातून तो ओढून घेतला. ती दचकली. कशाची तपासणी आहे हे तिला माहीत नव्हतं.

रिपोर्ट चांगला आला. समुपदेशक बाईंनी सांगितलं, काही महिन्यांनी पुन्हा करायचा. मी त्यांच्या टेबलावर डोकं ठेवून रडले. त्यांनी मला रडू दिलं, घाई केली नाही.

चांगलंही घडलं. वॉर्डातल्या आयाबाईंनी एकदा मला पलंगावरच आडवं सरकवून, बादली खाली धरून माझे केस धुतले. स्टेशनवरची सगळी धूळ त्या पाण्यात गेली. शबाना भेटीच्या वेळी एळनीर, म्हणजे शहाळं, घेऊन यायची. पहिल्या दिवशी आईने तिला वॉर्डाच्या दाराशीच थांबवलं.

"तू कोण?"

"मी तिच्याबरोबर असते, अम्मा. स्टेशनला."

आईने शहाळं घेतलं आणि दार लोटलं. पण ते पाणी तिने ग्लासात गाळून मला घोट घोट पाजलं. दुसऱ्या दिवशी शबाना आली तेव्हा आई स्टुलावरून उठली आणि म्हणाली, "बस. स्वल्पच वेळ हं, सिस्टर ओरडतात." शबाना माझे पाय चेपत बसली. आई बाहेर जाऊन उभी राहिली.

जे मी आईला सांगितलं

मोठ्या डॉक्टरांनी एक दिवस आईसमोरच सांगितलं. एक नळी काढून टाकावी लागली. दुसरी चिकटून बंद झाली आहे. मूल होणं फार अवघड.

डॉक्टर गेल्यावर आईने माझी चादर सारखी केली. मग म्हणाली, "हे कुणाला बोलू नकोस. उद्या लग्नाचं बघायचं तर..."

माझ्या टाक्यांना ताण बसेल इतक्या जोराने मी म्हटलं, "आई, अप्पांनी मला काढलं तेव्हा काहीच झालं नव्हतं."

"काय काहीच?"

"मला पोट नव्हतं. त्याच आठवड्यात मला पाळी आली. किरणने फक्त एकदा तोंडाला तोंड लावलं होतं. तू म्हणाली होतीस, शिवला की पोट येतं. मला वाटलं, आलं."

मुनियम्मा झोपल्या होत्या, की झोपल्याचं दाखवत होत्या, देव जाणे.

"एवढी मोठी झालीस आणि तुला ठाऊक नव्हतं?"

"कोण सांगणार होतं?"

तिने पलंगाच्या दांडीला धरलं. "मला माझ्या आईने तेवढंच सांगितलं होतं. तेवढंच. लग्न झालं त्या दिवशी मला कळलं. मी एवढी घाबरले होते की... जाऊ दे." तिने दांडी सोडली. "मला वाटलं, त्या भीतीने मी सरळ राहिले, तूही राहशील."

"मला विचारायचं तरी."

"काय म्हणून विचारू? तोंडातून निघत नाही ते." आणि मग अगदी हळू, "अप्पांना सांगण्याआधी तुला विचारायला हवं होतं."

आईने माझी क्षमा मागितली नाही. आमच्याकडे आया मुलींची क्षमा मागत नाहीत. पण त्या संध्याकाळी ड्रेसिंगला सिस्टर आल्या तेव्हा आईने पहिल्यांदा माझी जखम पाहिली. आणि सिस्टरना विचारलं, "घरी हे कसं करायचं, मला दाखवा."

अप्पा

घरी सोडायच्या दिवशी अप्पा आले. बायकांच्या वॉर्डात पुरुषांना येता येत नाही म्हणून आई मला धरून बाहेरच्या व्हरांड्यात घेऊन गेली. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे. मला काही विचारलं नाही. डॉक्टर बाई तिथून जात होत्या, त्यांना विचारलं, "अम्मा, हे घरात दुसऱ्या कुणाला लागतं का? हिची धाकटी बहीण आहे."

"एका घरात राहून, जेवून, शिवून हे लागत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "तिला आता प्रेमाने खायला घाला."

अप्पांनी मान हलवली. डॉक्टर गेल्यावर आईला म्हणाले, मला नाही, "घरी येऊ दे. मागची खोली द्या. ताटवाटी वेगळी. सुमाशी बोलायचं नाही. कुणी विचारलं तर अपेंडिक्स."

मी आईकडे पाहिलं. ती काही बोलेल असं मला वाटत होतं. ती आपल्या चपलांकडे बघत होती.

"मी नाही येत, अप्पा," मी म्हटलं.

"मग कुठे जाणार? परत स्टेशनवर?"

समुपदेशक बाईंनी मला निवाऱ्याबद्दल सांगितलेलं होतं. मी तेच नाव सांगितलं. अप्पा म्हणाले, "सरी." बरं, एवढंच. आणि जिन्याकडे चालायला लागले. आई त्यांच्या मागे गेली. तिने वळून पाहिलं की नाही ते मला माहीत नाही, मी भिंतीकडे तोंड केलं होतं.

मला त्या दिवशी अप्पांचा राग आला नाही. राग आईचा आला, आणि तो फार दिवस राहिला.

नंतर

बरं होणं म्हणजे लोकांना वाटतं तसं एक दिवस उठून चालायला लागणं नसतं. पोटात आतून चिकटलेलं आहे, ते वाकताना ओढतं. मी चपात्या करून हॉटेलांना पुरवणाऱ्या एका ठिकाणी काम करते. पिठाची पोती मी उचलत नाही, दुसऱ्या बायका उचलतात. शेजारच्या बाईने तान्हं मूल मांडीवर दिलं की मी घेते आणि लवकर परत देते. दुसरी एचआयव्ही तपासणीही चांगली आली. त्या दिवशी मी शबानाला सांगायला के. आर. पुरमला गेले.

ती नव्हती. पुलाच्या पायऱ्यांवर दुसरीच बाई पेरू विकत होती. कुणी म्हणालं, गावी गेली. कुणी म्हणालं, तिला ताप होता, एक दिवस दिसेनाशी झाली. मी नंतरही गेले, हॉस्पिटलातही चौकशी केली. आजवर पत्ता नाही. तिने मला वेळेवर उचललं. तिला कुणी उचललं का, मला माहीत नाही. तिला एकदाही तपासायला घेऊन जावं हे माझ्या डोक्यात का आलं नाही, हा विचार मला अजून झोपू देत नाही.

आईचे फोन यायला लागले ते वर्षभराने. गिरणीत गर्दी असायची तेव्हा ती बाहेर येऊन बोलायची. जेवलीस का, थंडी आहे का, एवढंच. मग याच महिन्यात एकदा तिने विचारलं, "रविवारी सुट्टी असते का तुला?"

ती सुमाला घेऊन आली. सुमा आता कॉलेजात डिग्रीला आहे, माझ्याहून उंच झाली आहे. बसवनगुडीतल्या एका बागेत आम्ही बाकावर बसलो. आई म्हणाली, "हिला सांग."

"काय?"

"सगळं. जे तुला कुणी सांगितलं नाही ते. मी बसते इथेच."

मी सांगितलं. जे समुपदेशक बाईंनी मला सांगितलं होतं ते, आणि जे मी भोगलं ते. काय झालं तर दवाखान्यात लगेच जायचं, कुणाला नाही म्हणायचं, कसं म्हणायचं, हो म्हणायचं असेल तर आधी काय काळजी घ्यायची. सुमाला मोबाइलवरून बरंच कळलेलं होतं, त्यातलं निम्मं चुकीचं. ती प्रश्न विचारत होती. एकदा तर हसलीसुद्धा. आई बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसून एका वाळक्या काडीचे तुकडे करत होती. मध्येच तिनेच विचारलं, "आणि साबणाने आत धुवायचं नाही, हे खरं?" मी म्हटलं, खरं.

सुमा पाणी आणायला गेली. आई सरकून माझ्या शेजारी बसली. एका कुशीवर भार देऊन, ती नेहमी बसते तशी.

"भारती," ती म्हणाली, "माझं अंग बाहेर येतं."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. "कधीपासून?"

"सुमाच्या बाळंतपणापासून. पोतं उचललं की जास्त. कापड बांधून घेते. आता रक्तही लागतं कधीकधी."

म्हणजे माझं जवळजवळ सगळं लहानपण. आई खाली नीट का बसत नाही, लग्नकार्यात पंगतीला मांडी का घालत नाही, जत्रेला चालत का येत नाही, हे आम्ही कधी विचारलं नव्हतं. अप्पा तिला आळशी म्हणायचे, आणि आम्ही पोरी हसायचो.

"अप्पांना माहीत आहे?"

"आहे. म्हणाले, बायकांना असतंच काहीतरी."

सोमवारी आई परत एकटी आली आणि मी कामावर खाडा केला. माझं ऑपरेशन झालं त्याच हॉस्पिटलात बायकांच्या ओपीडीत आम्ही रांगेत उभ्या राहिलो. रांग पुढे सरकली की ती एक पाऊल मागे घ्यायची आणि मी तिला पुढे घ्यायची. आमचा नंबर आला. टेबलाशी वेगळ्याच डॉक्टर होत्या, वयस्कर, चष्म्यातून बघणाऱ्या. आमच्या मागच्या बायका अगदी पाठीशी उभ्या होत्या, पडदाबिडदा काही नव्हता.

"एनायतु, अम्मा?" डॉक्टरांनी विचारलं. काय झालं?

आईला हे बोलायला जमायचं नाही म्हणून मी तोंड उघडलं. आईने माझ्या दंडाला धरून मला थांबवलं. आणि आपल्या गिरणीतल्या कन्नडमध्ये, घरघरीवर ओरडून बोलायची तिला सवय आहे तेवढ्याच मोठ्या आवाजात, तिने सगळं सांगितलं. काय बाहेर येतं, कधीपासून, किती, रक्त कधी लागतं. मागच्या बायकांची कुजबुज थांबली.

डॉक्टरांनी तिला आत नेऊन तपासलं. रक्ताचं कारण शोधायला एक तुकडा काढून पाठवला, त्याचा निकाल यायला वेळ लागेल म्हणाल्या. तो काय येईल ते आज हे लिहिताना आम्हाला माहीत नाही. काहीही आलं तरी गर्भपिशवीचं ऑपरेशन करावंच लागेल. "इतकी वर्षं कशा राहिलात?" त्या म्हणाल्या. मग टेबलाशी परत येऊन लिहिता लिहिता त्यांनी सांगितलं, "घरी जा, यजमानांना विचारून या, मग तारीख देते."

आई लुगडं सारखं करत होती. तिने पदर खोचला.

"त्यांना सांगीन," ती म्हणाली. "विचारणार नाही. तुम्ही तारीख द्या."